रात्रीची आठ-सतरा

आमची पद्मिनी आठ महिने पार्किंगमध्ये कबुतरांचं विश्रामगृह चालवत होती. सेक्रेटरींनी तिसऱ्यांदा "काढताय कधी?" विचारलं आणि माझा स्वाभिमान पेटला. गाडी काही पेटेना. काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून उतरल्या, त्यांच्यामागोमाग डेल्को, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा, उघडून त्यातले पॉइंट घासणारे आमचे मिस्त्रीही गावाला गेले. मग म्हटलं, आपणच घासू.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पॉइंट, कंडेन्सर आणले. डेल्को मुळासकट उपसला, साफ केला, परत बसवला. पुलीची खूण जुळवली, एक नंबरचा पिस्टन वर, डेल्कोतला फिरता काटा, म्हणजे रोटर, एक नंबरच्या वायरीसमोर. सेल्फ मारला.

फाट्!

कार्बोरेटरमधून. कबुतरं उडाली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी डोकावून विचारलं, "दिवाळी झाली ना रे?"

प्लग बदलले, पेट्रोल बदललं, तळमजल्यावरच्या काकांची बॅटरी जोडली. ठिणगी पडतेय, पेट्रोल येतंय, तरी फाट्. वरून येणारा चहाही दोन कपांनंतर बंद झाला. शेवटी मिस्त्रींना रत्नागिरीला फोन.

"प्लगच्या भोकावर अंगठा धरलावतात?"

नव्हता धरला. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा पेट्रोलची वाफ दाबायला, एकदा धूर बाहेर ढकलायला. ठिणगी हवी पहिल्या वेळी, आणि तेव्हाच अंगठ्याला हवेचा धक्का बसतो. पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा तितक्याच निरागसपणे जुळते. मी दुसरी वेळ धरली होती. सकाळची आठ-सतरा पकडायची आणि आपण रोज रात्री आठ-सतराला, सेकंदाचाही उशीर न करता, फलाटावर हजर!

गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. काका आणि वॉचमन मागून इंच-इंच ढकलताहेत, मी बॉनेटमध्ये वाकून भोकावर अंगठा दाबून.

"आली का हवा?"

"थांबा... आली, आली!"

बाळंतपणाची बातमी असावी तसा काकांनी घाम पुसला. रोटर पाहिला, तर थेट चार नंबरकडे तोंड करून बसलेला. डेल्को पुन्हा उपसायची ताकद नव्हती. एकची वायर चारला, तीनची दोनला, अशी अदलाबदल केली, प्लग आवळला, सेल्फ मारला.

इंजिन सुरू झालं. गाडीसुद्धा. कारण चौथा गिअर काढायचा राहिला होता. दोन हात उडी मारून, सेक्रेटरींची शेवंतीची कुंडी आडवी करून दोघं एकदमच बंद पडली.

"टायमिंग मात्र आता बरोबर आहे हां," काका म्हणाले.