बिघडलेली हार्डडिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हार्डडिस्क करप्ट झाली? प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी चेकडिस्क चालवा. तरी उघडली नाही तर फॉरमॅट मारून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावा. १०० टक्के डेटा परत!’ सोलापुरात नवी पेठेत मी डिस्क दुरुस्तीचं काम करतो. हे उपाय करून झालेल्या डिस्क शेवटी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून लिहितोय.

आधी फ्रीजर. काही जुन्या डिस्कमध्ये भाग अडकून बसायचे आणि गारठ्याने कधीमधी सुटायचे. सल्ला तिथला आहे. आजच्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि डेटा वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. केसाची जाडीच साधारण ८० हजार नॅनोमीटर असते, म्हणजे त्या फटीत पाण्याचा बारीक थेंबही मावत नाही. एका स्टुडिओवाल्यांनी एप्रिलच्या उन्हात अशी गार डिस्क आणली. पिशवी सोडली तर कव्हरवर पाण्याचे थेंब. कव्हरला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, शेजारी ‘झाकू नका’ असं छापलेलं असतं. थेंब नेमके त्याच्याभोवती होते. आत गड्ड्याच्या यात्रेतले अक्षता सोहळ्याचे फोटो होते. एकही निघाला नाही.

चेकडिस्क ही विंडोजमधली डिस्क तपासायची सोय. ते तर डेटा वाचवायचं साधनच नाही. फाइल सिस्टीमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशेब जुळवणं हे त्याचं मुख्य काम. दुरुस्तीला लावलं की जी नोंद जुळत नाही ती ते छाटतं, आणि तेही मूळ डिस्कवरच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लाइट गेली आणि जेकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइनची डिस्क उघडेना. मालकांच्या भाच्याने चेकडिस्क चालवलं. माझ्याकडे आली तेव्हा एका लपलेल्या फोल्डरमध्ये नुसत्या नंबरांच्या फाइली होत्या, नावं गेलेली. मोर कुठला, वेलबुट्टी कुठली, एकेक उघडून बघावं लागलं. बऱ्याच अर्धवट निघाल्या.

फॉरमॅटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. क्विक फॉरमॅट फक्त नोंदवही नवी करतं, मूळ डेटा बहुधा जागेवर राहतो. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं. त्यातून काहीच परत येत नाही. एसएसडीवर (तबकड्या नसलेल्या, चिपवरच्या डिस्कवर) तर क्विक फॉरमॅटनंतरही ट्रिममुळे, म्हणजे रिकाम्या ठरलेल्या जागा ती स्वतःच पुसते त्यामुळे, डेटा बहुधा जातो.

मग करायचं काय? डिस्कवर काहीही लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर टाकू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रत काढायच्या सॉफ्टवेअरने तिची प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागांना नंतर हात घालतं. मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक ही रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवा. तिन्ही फुकट मिळतात.

‘टक टक’ आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. हेड गेलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि ते बदलायला धूळमुक्त खोलीची लॅब लागते. ते काम माझ्या टेबलावर होत नाही, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. लगेच वायर काढा आणि आवाज कधी सुरू झाला, नंतर किती वेळा चालू केली, ते कागदावर लिहून डिस्कबरोबर द्या.