कपाटातली साखर

लेक सातवीत आहे. तिसरीत असताना टाइप १ मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं, त्यातलं एक शाळेत, मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी.

शाळेनं सांगितलं, औषध दप्तरात नको, ऑफिसात जमा करा. केलं. इन्सुलिनचं पेन, ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पुडी असं सगळं एका डब्यात, वर नाव. डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली क्लार्ककाकांच्या खिशात. आणि एका गुरुवारी क्लार्ककाका बँकेत!

पीटीच्या तासाला पोरीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते. म्हणजे तीन चमचे, बस. ती कुलपात. मैत्रिणीच्या कंपासपेटीत लिमलेटच्या गोळ्या होत्या म्हणून निभावलं. (कंपासपेटीत गोळ्या ठेवल्याबद्दल तिला आधी एकदा ओरडा बसला होता म्हणे.)

शाळेची भीती मला कळते. पन्नास पोरांचा वर्ग, नर्स नाही, उद्या काही झालं तर पालक बाईंनाच धरणार. बाईंनी सुई टोचावी असं मी कधीच म्हटलं नाही, ती स्वतः टोचून घेते. पण याच शाळेत सरकारची लोहाची निळी गोळी दर आठवड्याला दिली जाते, जंताची गोळी बाई समोर उभं राहून चावायला लावतात. तेव्हा जबाबदारीचा प्रश्न येत नाही. एका पोरीचं स्वतःचं औषध म्हटलं की येतो.

तापाचं, खोकल्याचं औषध खुशाल ऑफिसात ठेवा. ग्लुकोज आणि दम्याचा पंप मुलाच्या हाताशीच हवा. त्याला कुलूप लावणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, अंग काढून घेणं आहे.

बरं, हे माझ्या मनचं नाही. सीबीएसईनं २०१७ मध्येच मधुमेह असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं राज्यांना लिहिलं की डॉक्टरांनी सांगितलं असेल तर वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. त्याची प्रिंट घेऊन गेले. सर म्हणाले, "ताई, आपली शाळा सीबीएसईची नाही." म्हटलं, "सर, साखर बोर्ड विचारून उतरत नाही." आयोगाच्या पत्राचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. इंजेक्शन बाथरूममध्ये जाऊन घे, बाकीची मुलं घाबरतात, असं तिला सांगितलं जायचं. शाळेच्या बाथरूममध्ये! आपण तिथे डबा उघडू का?

या वर्षीच्या वर्गशिक्षिकेनं ते बंद केलं. मीटर कसं बघायचं ते पाच मिनिटांत शिकून घेतलं, एक पुडी टेबलाच्या खणात ठेवली, दुसरी दप्तरात. आता लेक बाकावर बसूनच पेन लावते. औषध पूर्ण आत जाईपर्यंत सुई दहा सेकंद तशीच ठेवायची असते. ते दहा आकडे शेजारच्या दोघी मोठ्यानं मोजतात, आणि मग तिघींचे डबे एकदम उघडतात.