बुरडाले मोबाईल नंतर द्या, आधी हिरवा बांबू द्या

ग्रुपा-ग्रुपावर एक मेसेज फिरून राह्यला: बांबू विणणाऱ्या बुरडांनी सुपं-टोपल्या सोडून शोपीस शिकावं, फोटो टाकून ऑनलाइन विकावं, मग दलाल आपोआप जाईल अन् गरिबी हटेल. हेतू चांगला असेल पण भाऊ, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बुरडाच्या अंगणात जरा बसून पाहा.

"ट्रेनिंग द्या" म्हणे. 2023 पासून केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत टोपल्या-चटया विणणारे आहेतच, ट्रेनिंगचे रोजचे 500, टूलकिटसाठी 15 हजार, 5 टक्के व्याजानं कर्ज. घ्यावंच, जरूर घ्यावं. पण नव्या कोयत्यानं फाडायचं काय?

"बांबू तर सरकारनं मोकळा केला." हे अर्धंच खरं. 2017 ची कायद्यातली दुरुस्ती जंगलाबाहेरच्या बांबूपुरती आहे, अन् ज्याच्याकडे वावरच नाही त्यानं तो लावावा कुठं? जंगलातला बांबू वनखात्याच्या डेपोतून नाहीतर ग्रामसभेकडूनच घ्यावा लागते.

आता दलाल, इथंच मेसेज सगळ्यात जास्त चुकते. विणकामाले हिरवाच बांबू पाहिजे, वाळलेल्याच्या काड्या मोडतात, म्हणजे घरात साठवूनही ठेवता येत नाही, त्यात पावसाळ्यात नवे कोंब फुटतात म्हणून तोड बंद, अन् मिळते तेव्हा डेपो दूर, गाडीभाडं वेगळं, सगळं रोख. रोख नसते. मग व्यापारी उधारीवर बांबू आणून देते अन् सुपाचा भावही तोच ठरवते. सूप विणायच्या आधीच विकलं गेलं, मोबाईल काय करणार?

अन् ऑनलाइनचा हिशोब पण करा. कुरिअरवाले वजनासोबत आकारमानही मोजतात, लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी 5000 नं भागतात. 40 बाय 40 बाय 25 च्या खोक्यातली टोपली किलोभराची नसली तरी भाडं 8 किलोचं! शोपीस लहान असतात, ते परवडतील, पण ते सगळ्या गावानं केले तर घेणार कोण? सुपाले इथल्या बाजारात अजूनही गिऱ्हाईक आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासचं (बांबू जंगलाबाहेर न्यायच्या परवान्याचं) पुस्तक स्वतःच्या हाती घेतलं, वनहक्क कायद्याच्या जोरावर. ज्या ज्या ग्रामसभेकडे आपल्या जंगलातला बांबू विकायचा असा हक्क आहे तिनं बांबूचा लिलाव ठरवतानाच आपल्या भागातल्या बुरडांचा हिरवा बांबू बाजूला काढावा, तोही थोडा-थोडा, हप्त्या-हप्त्यानं, अन् बचत गटानं त्यासाठी पहिली उचल द्यावी. ठराव एका पानाचा आहे, येत्या सभेत मांडा.