सर्व हक्क कोणाकडे?

"तुमच्याकडे एजंट असतात, म्हणून तुमची पुस्तकं जगभर जातात. आमच्याकडे पुस्तक निघालं हे शेजाऱ्यालाही कळत नाही." कॉलेजच्या ग्रुपवर एका जुन्या मैत्रिणीने हे लिहिलं आणि खाली धडाधड अंगठे उमटले. 2022 मध्ये हिंदी कादंबरीला आणि 2025 मध्ये कन्नड कथांना इंटरनॅशनल बुकर, म्हणजे इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांचा पुरस्कार, मिळाल्यापासून आमच्या ग्रुपवर हा वाद दर दोन-तीन महिन्यांनी उकरला जातो. मराठीचा नंबर कधी? एक बाजू म्हणते, लेखकांना एजंट, म्हणजे त्यांचं पुस्तक प्रकाशकांना विकून देणारा माणूस, मिळवून द्या. दुसरी म्हणते, साहित्यात दलाल नकोत, आहेत तेवढे पुरेत.

मला त्यातलं 'तुमच्याकडे' लागलं. मी लंडनजवळ राहते हे खरं. पण लिहिते मराठीत, दोन पुस्तकं निघाली ती पुण्यात, आणि इथे एजंट शोधताना गेल्या दोन वर्षांत माझी जी फरफट झाली ती पाहता 'तुमच्याकडे' हा शब्द मला जरा जास्तच वाटतो.

एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरटीओबाहेरचा माणूस येतो, नाहीतर विम्याचा. रांग चुकवून काम करून देणारा. त्यामुळे एजंट हवा म्हणणाऱ्यांच्या मनातही तेच असतं की एकदा तो गाठला की आपलं बाड थेट साहेबांच्या टेबलावर. इथे सगळ्यात लांब रांग असते ती एजंटच्याच दारात. मोठे प्रकाशक बहुतेक एजंटकडून आलेलंच वाचतात, त्यामुळे नाही म्हणण्याचं काम एजंटांकडे गेलंय. आणि दलाल म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: तेही इथे करून झालं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ए. पी. वॉट यांनी दहा टक्क्यांवर हा धंदा लंडनमध्ये रुजवला, तेव्हा विल्यम हाइनमन यांच्यासारखे प्रकाशक एजंटांवर जाहीर तुटून पडले होते. लेखक आणि प्रकाशक यांच्या मध्ये हा तिसरा कशाला, हाच त्यांचाही सवाल.

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेलची फाइल आहे. एजंटचं नाव, पाठवल्याची तारीख, काय मागितलं होतं, उत्तर. एकतीस ओळी. प्रत्येकाची मागणी थोडी वेगळी, पण ढाचा एकच: एक पानी पत्र, कथानकाचा शेवटासकट गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं. गोषवाऱ्यात शेवट सांगायचा, हे मला पचायलाच महिना लागला. पत्रात लिहायचं की हे पुस्तक दुकानात कोणत्या दोन अलीकडच्या पुस्तकांच्या मध्ये ठेवता येईल. मी माझ्याच मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद पाठवत होते. तिच्या शेजारी काय ठेवायचं हे मला आजही नीट सांगता येत नाही. एकोणीस ठिकाणांहून उत्तरच नाही. बारा आठवड्यांत कळवलं नाही तर नकार समजावा, असं तिथे आधीच लिहिलेलं असतं. दहा नकार, सगळे गोड. दोघींनी पूर्ण बाड मागवलं. त्यातल्या एकीने मग 'मन गुंतलं नाही' असं कळवलं.

दुसरीचा, म्हणजे चोविसाव्या ओळीतल्या बाईंचा, फोन आला. मी तयारीत होते: पात्रं, काळ, पुढचं पुस्तक. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मूळ पुस्तक छापलेलं आहे ना? मग अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत?"

मी म्हटलं, पाहून सांगते.

करार सापडला तो पासपोर्टच्या जुन्या पिशवीत. दीड पान. 2014 सालची सही, प्रकाशकांच्या टेबलावर, चहा येईपर्यंत केलेली. मी तो तेव्हा वाचला नव्हता, कारण त्यांच्यासमोर वाचत बसणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटलं होतं. तिसऱ्या कलमात एकच ओळ: 'पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' किती वर्षं, कोणत्या भाषेत, कोणत्या देशात, काही नाही.

मी हादरले. मग एका वकील मैत्रिणीने मला 1957च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचायला लावलं. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. म्हणजे माझे हक्क 2019 मध्येच परत आले होते आणि इंग्लंडपुरते ते कधी गेलेच नव्हते. पाच वर्षं मी माझ्याच कादंबरीबद्दल 'प्रकाशकांना विचारावं लागेल' असं लोकांना सांगत होते. एका ऑडिओवाल्यांना तर मी त्याच कारणाने परत पाठवलं होतं.

एजंटचं खरं काम मला त्या एका प्रश्नाने कळलं. ब्रिटनचे हक्क एकाला, अमेरिकेचे दुसऱ्याला, अनुवादांचे ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात, ऑडिओ वेगळा, सिनेमा वेगळा, असं एकाच पुस्तकाचं सातबाऱ्यासारखं वाटप तो करतो. बदल्यात साधारण 15 टक्के घेतो, परदेशी विक्रीवर 20. पुस्तक विकलं गेलं तरच. वाचायचे पैसे मागणारा एजंट इथल्या एजंटांच्या संघटनेच्या नियमांत बसत नाही. मराठीत 'आम्ही तुमचं पुस्तक आंतरराष्ट्रीय करू' म्हणून आधी रक्कम सांगणारे आता दिसू लागलेत. ग्रुपवरच्या मैत्रिणीला मी एवढं एकच ठामपणे लिहिलं, की पैसे आधी मागितले तर फोन ठेव.

बाकी, मराठी पुस्तकं मराठीतच विकायला एजंट हवेत या मागणीचं मला नवल वाटतं. हिशेब करा. हजार प्रतींची आवृत्ती, तीनशे रुपये किंमत, दहा टक्के मानधन: सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला तीस हजार. त्याचे 15 टक्के म्हणजे साडेचार हजार. त्यासाठी कोण वर्षभर तुमच्या बाडामागे फिरेल? फिरला तर तो पोट भरायला दुसरीकडे हात मारणार, आणि ते दुसरीकडे म्हणजे तुमचाच खिसा.

बाडावर बसून लेखकाशी भांडत ते सुधारण्याचं जे काम इथे हल्ली एजंट बरंच करतात, ते आपल्याकडे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी टक्केवारीशिवाय केलं. त्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांत मी नाही, कारण त्यांच्यापर्यंत पोचणारे लेखक तरी किती होते? पण एजंट नाही म्हणून मराठी अडली, असं म्हणणाऱ्यांनी ते विसरू नये. आणि मराठीतून इंग्रजीत जायचं तर आज पहिला धक्का बहुधा अनुवादकच देतो. तोच नमुन्याची पन्नास पानं करतो, तोच छोट्या प्रकाशकांना पत्रं लिहितो. इंग्लिश पेनसारखी इथली लेखकांची संस्था नमुना-अनुवादासाठी पैसे देते तेही अनुवादकाला. आमच्या ग्रुपवरच्या वादात अनुवादकाचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.

चोविसाव्या ओळीतल्या बाईंना कायद्याचं कलम पुरेना. त्यांना प्रकाशकांचं पत्र हवं होतं, हक्क लेखिकेकडे आहेत असं. मी दोन दिवस फोन करायचं टाळलं. शेवटी केला, तर पलीकडून, "अहो ताई, एवढंच ना? काय लिहून हवंय ते पाठवा, सही करून देतो. आणि कराराचं काय ते, आम्हालाही एक नीट नमुना पाठवा, आमचा वडिलांच्या वेळचा आहे." संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला: लेटरहेड, सही, जांभळा गोल शिक्का.

बाईंनी पत्र मिळाल्याचं कळवलं आणि शिक्क्यात काय लिहिलंय ते विचारलं. प्रकाशनाचं नाव आणि जुना सहा आकडी फोन नंबर, मी उत्तर दिलं. त्यानंतर काही आलेलं नाही. बारा आठवडे पुढच्या शुक्रवारी भरतात.