कढत पाण्याचे सल्लागार

पुरे झालं आता! सात रस्ता चौकात रिक्षातून उतरताना जरा अडखळलं, की कुणीतरी विचारणारच, "गुडघे का हो?" गुडघे नाहीत, तळपायाच्या नसा गेल्यात. वर कंबर आणि खुबा दुखतातच. लगेच फर्मान: "कढत पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसा." अहो, चप्पल निसटून मागं राहिली तरी ज्या पायाला पत्ता नसतो, त्याला पाणी कढत आहे हे सांगणार कोण? शेक कमरेला हवा, पायाला वर्ज्य. खुबा म्हणतो चाल, तळवा म्हणतो जमीन कुठंय? आणि रात्री याच बधिर अंगठ्याला चादरीचं टोक लागलं तरी आग आग! त्यात हे सोलापूर, घरात चादरींची चळत. "बी-ट्वेल्व्ह तपासलं का?" असं नसांना लागणाऱ्या जीवनसत्त्वाचं विचारणारे त्यातल्या त्यात शहाणे. बाकीच्यांनी आपापली तेलाची बाटली घरीच ठेवावी.