घरच्यासारखे आहात, मग पत्र कशाला?

आज दुपारी डबा खाता खाता आमच्या ऑफिसातली एक मुलगी रडायला लागली. २४ वर्षांची पोर. साक्रीहून नोकरीसाठी नाशिकला आलेली, दोन वर्षं पाथर्डी फाट्याला वन आरकेमध्ये भाड्याने राहत होती. परवा खोली सोडली. डिपॉझिट ४०,००० दिलं होतं, हातात १२,००० आले. बाकीचे कापले, कारण म्हणे भिंत खराब केलीस, आता प्लास्टर काढून रंग द्यावा लागेल.

ती भिंत तिने खराब केलेली नाही. गेल्या पावसाळ्यात गच्चीवरून पाणी उतरलं, भिंतीला ओल धरली, पोपडे निघाले. जुलैपासून ती मालकांना फोन करत होती, व्हॉइस मेसेज पाठवत होती, जिन्यात भेटले की सांगत होती. दर वेळी एकच उत्तर: "अगं करतो की, तू तर घरच्यासारखीच आहेस." आणि परवा तेच काका तिच्या तोंडावर म्हणाले, "गळतीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं." दिवाळीत तिने फोन बदलला, जुनं सगळं चॅट गेलं. आता तिच्याकडे दाखवायला काही नाही.

मी विचारलं, लिहून दिलं होतंस का? तर म्हणाली, "ताई, ते रोज समोर भेटायचे. त्यांना पत्र कसं देणार? वाईट दिसलं असतं."

दुपारपासून ते "वाईट दिसलं असतं" माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. मोठं होईल, पण वाचा. तुमच्यातले निम्मे तरी कधी ना कधी भाड्याने राहिलात किंवा आज राहताय.

आपल्याकडे लेखी दिलं की भांडण सुरू झालं असं का धरतात? दुधाचं खातं लिहितो, भिशीची वही लिहितो, लग्नात आहेराची यादी करतो. तिथे कुणाला अपमान वाटत नाही. आणि जिथे आपला महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च जातो, जिथे आपली लेकरं झोपतात, तिथे मात्र सगळं तोंडी. घरच्यासारखं! मला या शब्दाची आता चीड येते. घरच्या माणसाचे २८,००० कुणी कापतं का?

मीही हेच केलंय, म्हणून इतकं लागतंय. २०१४ साली आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरायचं. मार्चपासून मी मालकांना फोन करत होते. सज्जन माणूस, पुण्याला राहायचे, दर वेळी "बघतो" म्हणायचे. पाच महिने नुसतं बघतो. ऑगस्टमध्ये एक दिवस मिक्सर लावायला गेले आणि प्लगला झिणझिण्या आल्या. मुलगी तेव्हा चार वर्षांची, हात पुरेल तिथे बोट घालायची. त्या रात्री मी फुलस्केपची चार पानं भरून पत्र लिहिलं. रागाने अक्षर वाकडं झालं होतं. तुम्हाला माणुसकी आहे की नाही, तुमची नात असती तर, भाडं बरं वेळेवर लागतं, सगळं होतं त्यात.

सकाळी आप्पांना वाचायला दिलं. आप्पा, माझे वडील, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. आयुष्य आवक-जावक नोंदण्यात गेलं. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "त्याने नेमकं काय करायचंय, ते यात कुठे लिहिलंय?"

मी पानं उलटीसुलटी केली. कुठेच नव्हतं. चार पानांत मला काय पाहिजे तेच मी लिहिलं नव्हतं.

मग आप्पांनी पेन्सिल घेतली. माणुसकी गेली, नात गेली. "लवकरात लवकर" मी तीनदा लिहिलं होतं, तिन्ही ठिकाणी काट मारली. म्हणाले, लवकर म्हणजे त्याला दिवाळी वाटू शकते, तारीख घाल. मला गणपतीच्या आत काम व्हायला हवं होतं, त्या वर्षी गणपती २९ ऑगस्टला होते. त्यांनी १२ ऑगस्टच्या पत्रात २७ ऑगस्ट घातली. पंधरा दिवस.

शेवटी जे पत्र गेलं ते अकरा ओळींचं होतं. स्थळप्रत, म्हणजे आपल्याजवळ ठेवायची प्रत, अजून माझ्याकडे आहे. वर तारीख, प्रति श्री. अमुक, विषय: स्वयंपाकघरातील भिंतीची गळती व विजेचा धोका. स.न.वि.वि. मग, १० मार्चला पहिल्यांदा फोनवर कळवलं, त्यानंतर ४ मे आणि २२ जूनला. उत्तरेकडच्या भिंतीत ओट्यापासून वर तीन फूट ओल आहे, ओट्यावरच्या प्लगला ९ ऑगस्टला शॉक बसला, तेव्हापासून तो बंद ठेवला आहे. सोबत तीन फोटो. आपण दोन गोष्टी कराव्यात: वरच्या फ्लॅटच्या मालकांशी बोलून बाथरूमची गळती काढून घ्यावी आणि वायरमन पाठवून तो पॉइंट तपासून घ्यावा. २७ ऑगस्टपर्यंत हे व्हावं. आम्ही रोज सहानंतर आणि रविवारी पूर्ण दिवस घरी असतो. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला आपल्या खात्यात जमा होतं, पुढेही होत राहील. कळावे.

बस. एकही कडू शब्द नाही. मला ते फार मिळमिळीत वाटलं होतं. आप्पांशी वादही घातला, की त्यांना जरा लागलं पाहिजे ना! ते म्हणाले, त्याला लागलं तर तो तुला उत्तर देत बसेल, भिंतीचं काम राहूनच जाईल.

भाड्याच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल थांबून सांगते, कारण नेमकं इथेच लोक घसरतात. काम करत नाही ना, मग भाडंच देत नाही! अजिबात करू नका असं. ज्या दिवशी तुम्ही भाडं थांबवलं त्या दिवशी गळतीचा विषय मागे पडला आणि थकबाकीदार तुम्ही झालात. भाडं खात्यावरच भरा. रोख द्यावं लागलं तर पावती मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे, ती तो मेहेरबानी म्हणून देत नाही.

त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा राहण्यालायक ठेवणं हे मालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली आणि तरी वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. आप्पांचे पंधरा दिवस तिथून आले होते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पत्रात त्यांनी कलमाचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. पहिल्या पत्रात कायदा दाखवायचा नसतो म्हणाले, फक्त कायद्याला धरून लिहायचं.

हो, आजकाल आपण सगळे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मालकाने दिलेल्या राहण्याच्या परवानगीवर, राहतो आणि कायद्याने ते भाडेकरूपण नव्हे, त्यामुळे हे कलम दाखवून परस्पर पैसे कापायला जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. पण पत्र लिहायला कुणी अडवलंय?

आता कुणीतरी म्हणेल की मालकांचेही हप्ते असतात, भाडेकरूही घराची वाट लावून जातात. जातात काही जण. मान्य. तर त्या मालकांनीही लिहावं, कुणी धरलंय? पण मालकाच्या हातात आधीच डिपॉझिट असतं. आपल्या हातात कागदाशिवाय काय असतं?

आणि "पत्र दिलं तर अकरा महिन्यांनी काढतील" ही भीती. खरी आहे, मी खोटी म्हणणार नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय, गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत भाडी कुठे चाललीत ते दिसतंय, पर्यायी घर पटकन मिळत नाही. पण ही पोर तर गप्प बसली होती ना? दोन वर्षं काकांना चहा करून पाजला. काय मिळालं तिला?

थोडी शांत होते. माझ्या पत्राचं काय झालं ते राहिलंच.

२४ ऑगस्टला, रविवारी सकाळी, दार वाजलं. पुण्याहून मालक स्वतः आले होते. खिशातून माझं पत्र काढलं, घडी उलगडली आणि स्वयंपाकघरात उभे राहून एकेक ओळ वाचत भिंत बघितली. प्लग बघितला. वर जाऊन त्या मंडळींशी बोलले, माझ्याने पाच महिन्यांत जे झालं नव्हतं ते अर्ध्या तासात ठरलं. नहाणीच्या खालचा पाइपचा जॉइंट गेला होता. जाताना मला म्हणाले, "ताई, फोनवर मला वाटायचं थोडी ओल असेल. शॉकचं वाचलं आणि झोप लागली नाही."

त्यांना माझा त्रास दिसत नव्हता, कारण मी तो कधी नीट सांगितलाच नव्हता. फोनवर आधी तब्येत विचारायची, मग पावसाचं बोलायचं, मग शेवटी चाचरत "ते जरा भिंतीचं". मी कितीदा असं केलंय! समोरच्याने काय ऐकायचं त्यातून?

म्हणून म्हणते, गोष्ट छोटी असतानाच लिहा. घरात शिरल्या आठवड्यातच पहिलं पत्र द्या: बाथरूमचा नळ गळतो, खिडकीची काच तडकलेली आहे, हॉलच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे, सोबत फोटो, मीटरच्या रीडिंगचा सुद्धा. तेव्हा कुणाचं कुणाशी वाकडं नसतं, म्हणून ते पत्र लिहायला सगळ्यात सोपं आणि शेवटी सगळ्यात उपयोगी. हातात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" लिहून सही-तारीख घ्या. सही देत नसतील तर पोस्टाने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं, तर स्पीड पोस्ट करा, पावती आणि पोहोचल्याची नोंद दोन्ही जपा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपही चालेल, पण टाइप केलेलं, आणि त्याचे स्क्रीनशॉट स्वतःला मेल करून ठेवा. व्हॉइस मेसेजवर भिस्त ठेवू नका.

आणि मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं असं वाटून लोक इंटरनेटवरून नमुना उचलतात आणि त्यात स्वतःच्या भिंतीबद्दल धड एक वाक्य नसतं.

हे लिहीत असतानाच त्या मुलीने अ‍ॅग्रीमेंटचा फोटो पाठवला. बघते तर स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी, रजिस्टर केलेलंच नाही. परत संताप आला, पण थोडी आशाही वाटली. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, लिव्ह अँड लायसन्स असलं तरी. आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तिला म्हटलं, ऊठ, रिक्षा कर आणि माझ्याकडे ये.

२०१६ मध्ये आम्ही इंदिरानगरचं घर सोडलं. भिंतीवर तो डाग होताच, रंग दिला तरी वर आलेला. मी मनाची तयारी केली होती की चार-पाच हजार जाणार. मालकांनी फाइल उघडली, त्यात माझंच पत्र लावलेलं. म्हणाले, "हे तुम्ही तेव्हाच कळवलं होतं, याचे पैसे तुमच्याकडून कसे घेऊ?" पूर्ण ३०,००० चा चेक दिला. घरी येऊन आप्पांना सांगितलं तर ते नुसते हं म्हणाले आणि स्थळप्रत नीट ठेवलीस ना, असं विचारलं.

आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या पेन्सिलच्या काटांची ती चार पानंही मी ठेवलीत. आज काढून बघितली.

(रात्री साडेदहा. ती आत्ताच गेली.) पत्र झालं. भिंत, गच्ची, कुठल्या महिन्यात काय सांगितलं ते आठवेल तेवढं, कापलेले २८,००० पंधरा दिवसांत खात्यावर जमा करावेत, खाते क्रमांक. नाही दिले तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं ठरलंय, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नसते. तिने एक ओळ लिहिली होती, "तुमच्याही घरी मुलगी आहे." मी काहीच बोलले नाही, आप्पांची पानं तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली आणि स्वतःच ती ओळ खोडली.

सगळं झाल्यावर पक्कं लिहायला घेतलं तेव्हा पहिल्याच ओळीवर तिचं पेन थांबलं. "ताई, वर काका लिहू की श्री.?"

श्री. लिही म्हटलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी पोस्टात जाणार आहोत.