तेरावी रास कुणी ‘शोधली’ नाही

‘नासाने तेरावी रास शोधली, बॅबिलोनियन लोकांनी ती लपवली होती, आता सगळ्यांच्या राशी बदलल्या. प्रत्येक तारकासमूहाच्या नावात प्राचीन गूढ अर्थ आहे.’ परवा हा मेसेज पुन्हा आला आणि गप्प बसवेना.

शोधली? ही ‘तेरावी रास’ म्हणजे भुजंगधारी, आणि हा तारकासमूह टॉलेमी या ग्रीक खगोलज्ञाने इ.स. 150च्या सुमारास दिलेल्या 48 समूहांच्या यादीत आहे. आम्ही राशी बदललेल्या नाहीत, फक्त गणित मांडलं, असं नासाने 2016 मध्येच सांगितलं होतं.

लपवली, हेही खोटं. चंद्राच्या वाटेवरच्या सतराअठरा तारकासमूहांची नावं बॅबिलोनियनांनी मातीच्या पाट्यांवर कोरून ठेवली आहेत. पुढे, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास, त्यांनी सूर्याच्या वाटेचे 30-30 अंशांचे बारा भाग केले. वर्षाचे महिने बारा, म्हणून भाग बारा. याच त्या राशी.

खरा घोळ ‘बदलल्या’ या शब्दात आहे. रास हे माप आहे, तारकासमूह हा आकाशाचा तुकडा. आज मान्य असलेल्या 88 समूहांच्या सीमा यूजीन देल्पोर्त या बेल्जियन खगोलज्ञाने आखल्या आणि त्या 1930 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या सीमांनुसार सूर्य कन्येत सुमारे 45 दिवस असतो, वृश्चिकेत जेमतेम आठवडाभर आणि भुजंगधारीत सुमारे 18 दिवस. फूटपट्टीवरचे इंच सारखे असतात, शेतांचे बांध नसतात. बांध सरकला म्हणून इंच बदलत नाही.

आणि गूढ अर्थ? लाकाय या फ्रेंच खगोलज्ञाने 1751-52 मध्ये केप ऑफ गुड होपहून दक्षिणेचे तारे मोजले आणि चौदा नवे समूह आखले. त्यांना नावं दिली ती दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, घड्याळ, हवेचा पंप अशी. त्या काळच्या माणसाला ज्याचं अप्रूप, ते आकाशात गेलं. जुन्या नावांची गोष्ट मला जास्त भावते. सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असं शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. ऋक्ष म्हणजे अस्वल. ग्रीकांनाही तिथे अस्वलच दिसलं, आणि त्यांचा ‘आर्क्टोस’ हा शब्द ‘ऋक्ष’चा सख्खा भाऊ. एवढा जिवंत धागा हाताशी असताना लोक गूढाच्या मागे का लागतात, याचं वाईट वाटतं.

भुजंगधारी बघायचाच असेल तर जून-जुलैच्या रात्री लालसर ज्येष्ठा शोधा. तिच्या उत्तरेला घराच्या आकाराची मोठी, फिकट चौकट दिसेल, तोच तो. त्याच्या हातातला साप दोन्ही बाजूंना पसरलाय, पश्चिमेला डोकं, पूर्वेला शेपूट. हा साप म्हणजे वेगळा सर्प समूह, आणि 88 समूहांत दोन तुकड्यांत विभागलेला तो एकटाच.